कडेकडेचा झेंडू

येळवंडे मामांच्या चित्रांत मधोमध काहीच नसायचं. कापड चार फुटांचं असो नाहीतर चौदा फुटांचं, रंग सगळा कडेकडेनं. कुठे वरून ओघळलेला, कुठे काठीने शिंपडलेला, कुठे वायपरच्या पट्टीने ओढून पसरलेला. आणि मध्ये, नेमकं जिथे आपली नजर आधी जाते तिथे, कोरं मांजरपाट. मी ती चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या मोकळ्या जागेवर मनातल्या मनात एक छोटासा निबंध लिहून टाकला होता. त्यात शून्य, मौन असले बरेच शब्द होते. तो आठवला की आजही मला माझीच लाज वाटते.

मामांना जाऊन वर्ष होत आलं. बातमी पेंटशॉपमधल्या एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर दिली. मी तेव्हा रावेतच्या आमच्या नव्या घरात कपाटाच्या दारावरचा ओघळ दाखवून रंगाऱ्याशी हुज्जत घालत होते. तो म्हणत होता, मॅडम, कुठाय ओघळ, मला तर दिसत नाही. त्याला कसा दिसणार? तो समोरून बघत होता. ओघळ दिसायची नजर मला मामांनी दिलेली. फोन ठेवल्यावर मी त्याला म्हटलं, राहू दे, चालेल. तो बिचारा उलट घाबरलाच आणि दार उतरवायला लागला.

चाकणच्या एमआयडीसीत आमची कंपनी ट्रॅक्टरची बॉनेटं आणि मडगार्डं बनवायची. रंगकामातला डिप्लोमा करून मी तिथे क्वालिटीत लागले आणि चिंचवडहून कंपनीच्या बसने जाऊ-येऊ लागले. अंगावर नवा एप्रन, हातात नवी वही, आणि रंगातलं आपल्याला सगळं कळतं अशी समजूत. मामा, म्हणजे खंडू येळवंडे, निघोज्याचे. त्यांची थोडी जमीन एमआयडीसीत गेली, थोडी गोडाऊनवाल्यांकडे गेली, आणि मामा पेंटशॉपमध्ये आले. रंग मारणारे दुसरे होते, मामा रंग बघणारे. माल पॅकिंगला जाण्याआधी त्यांच्यापुढून जायचा, आणि त्यांनी अडवला की तो प्लँट हेडलाही सोडवता येत नसे.

भट्टीतून निघालेलं बॉनेट गार होऊन, साखळीला लटकत मामांसमोर यायचं. ते त्याच्याकडे सरळ कधी बघत नसत. आधी डाव्या अंगाने, मग उजव्या, मग गुडघ्यात वाकून खालून. वरच्या ट्यूबलाइटची रेघ पत्र्यावरून कशी सरकते तेवढंच ते पाहत, आणि ती रेघ जिथे थरथरली तिथे पिवळी चिकटपट्टी लावत. दोषांना आम्ही इंग्रजी नावं शिकलो होतो. मामांची नावं वेगळी. ओघळ आला की हा रडला. बारीक खड्डे पडले की याला देवी आल्या. रंग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत झाला की नुसतंच संत्रं. समोरून का बघत नाही, असं मी एकदा विचारलं.

"समूरनं समदंच चांगलं दिसतंय, म्याडम," ते म्हणाले. "खोट कडंला असती."

प्रायमरच्या बाबतीत तर ते फारच कडक होते. पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग. प्रायमरचा थर कुठे बारीक झाल्याचा नुसता संशय आला तरी मामा अख्खी खेप परत पाठवायचे. प्रायमर न्हाई तर रंग पाव्हना, चार दिस ऱ्हाईल अन् जाईल, हे त्यांचं वाक्य पेंटशॉपमध्ये नव्या आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात दहा वेळा ऐकावं लागे. मी ते माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

तेलाशी मात्र त्यांचं वैर. डोक्याला तेल लावलेला माणूस रंग फवारायच्या बूथच्या दाराशी आला की मामांचा हात आडवा. तेलाचा अंशही हवेतून ओल्या रंगावर बसला तर तिथे रंग मागे सरकतो आणि खड्डा पडतो. एकदा नवे प्लँट हेड पाहणीला आले. केस चापूनचोपून बसवलेले, वरून सुगंधी काहीतरी फवारलेलं. मागे चार मॅनेजर. मामांनी हात आडवा केला आणि शांतपणे बेसिनकडे बोट दाखवलं. आम्ही सगळे जमिनीकडे बघत उभे. साहेब खरंच गेले, साबणाने डोकं धुऊन ओल्या केसांनी परत आले, आणि मामांनी त्यांना आत सोडलं. दुसऱ्या दिवशी दारावर तशी पाटी लागली. मामांचे स्वतःचे केस वाळलेल्या कुंच्यासारखे उभे असत. मामी दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्या डोक्यावर तेल थापायच्या आणि गुरुवारी संध्याकाळी शिकेकाईने धुऊन काढायच्या. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची, म्हणून मामांच्या डोक्यालाही गुरुवारचीच सुट्टी.

चित्रांचा पत्ता मला लागला तो गेटपासमुळे. एक दिवस सिक्युरिटीने मामांची पिशवी अडवली आणि मला बोलावणं आलं, कारण भंगारातली वस्तू बाहेर न्यायची तर क्वालिटीची सही लागे. पिशवीत वापरून कडक झालेले दोन कुंचे, रंग ढवळायची एक काठी, एक वायपर, आणि भोक मोठं झाल्यामुळे बाद केलेला एक छोटा कप निघाला. हा कप आमच्याकडे रंगाचा पातळपणा मोजायला असतो. त्यात रंग भरायचा आणि तळाच्या भोकातून तो किती सेकंदांत गळून जातो ते मोजायचं. याचं काय करता, असं विचारलं तर मामा म्हणाले, घरी लागतंय. कंपनीचा थेंबभर रंग त्यांनी कधी नेला नाही. तो पत्र्याचा रंग, कापडावर तडकतो, असं वर मलाच सुनावलं. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी असा एखादा गेटपास सहीला यायचा, आणि प्रत्येक वेळी सिक्युरिटीवाला हसायचा. शेवटी एका गुरुवारी मी निघोज्याला जाऊन थडकले.

मामांचं घर रस्त्याला लागून. मागे भाड्याने दिलेल्या खोल्यांची रांग, त्यात परगावहून कंपनीत आलेली मुलं. त्यांच्या शिफ्टचे कपडे दोरीवर वाळत होते. वर गच्ची, गच्चीवर पत्र्याची शेड, आणि शेडखाली जमिनीवर अंथरलेलं भलंमोठं मांजरपाट. मामा गंजीफ्रॉकमध्ये, अनवाणी, त्याच्या भोवती फिरत होते. दारं-खिडक्यांना लावतात तो तेलाचा रंग डब्यात, बाजूला टर्पेंटाइनची बाटली. रंग पातळ करायचा, त्या बाद कपात भरायचा, आणि मोठ्याने आकडे मोजायचे. बारा म्हणेपर्यंत कप रिकामा झाला तर तो रंग कापडात भिजवायला. वीसला झाला तर ओघळायला. चाळीसला झाला तर वायपरने ओढायला. तळाला खिळ्याने भोकं पाडलेला एक डबा हातात घेऊन ते कापडाच्या कडेने चालत जायचे आणि रंगाची दोरी मागे पडत जायची. कधी काठी बुडवून मनगटाला एक झटका. दिवसभर ज्या ओघळाला चिकटपट्टी लावायची, तोच ओघळ हा माणूस घरी बसून मन लावून पाडत होता. मला हसू आलं आणि का कोण जाणे, बरंही वाटलं.

त्या दिवसांत मी चित्रांच्या रसग्रहणाचा एक ऑनलाइन वर्ग करत होते. अर्धवट शिकलेल्या माणसाला जेवढा उत्साह असतो तेवढा मला होता. मी मामांना लगेच सांगायला सुरुवात केली. गेल्या शतकात अमेरिकेत असे चित्रकार होऊन गेले. त्यांनीही कापड चित्राच्या घोडीवर न लावता जमिनीवर टाकलं, दारं-खिडक्यांचा रंग घेतला, काठीने शिंपडलं, डब्यातून ओघळवलं. काहींनी तर रंग पाण्यासारखा पातळ करून प्रायमर न लावलेल्या कोऱ्या कापडात मुरवला. त्यांच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, घर नाही. मामा चिंधीने हात पुसत सगळं ऐकत होते.

"कापडाला प्रायमर न्हाई?"

काहींनी नाही लावला, मी म्हटलं.

"अन् आकार बी कायच न्हाई?"

काहीच नाही.

मामांनी थोडा विचार केला. "त्यांच्या बायकांलाबी दिसत नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

तेव्हा कुठे शेडच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर बसलेल्या मामींकडे माझं नीट लक्ष गेलं. खुर्चीच्या चार पायांखाली फरशीवर रंगाचे चार ठिपके होते, खुर्ची रोज त्याच जागी यावी म्हणून. मामींना साखर. त्या साखरेने डोळे धरलेले. दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग होता, आणि त्या डागामागे माणसाचं तोंड, ताटातली भाकरी, सुईचं भोक, सगळं गेलेलं. कडेकडेचं तेवढं दिसायचं, तेही मोठं असलं आणि रंग दणकट असला तरच. आकार कळत नसत, रंग कळत. म्हणून मामा मधे काही काढत नव्हते. मामी समोर सरळ बघायच्या, डाग त्या कोऱ्या कापडावर बसायचा, आणि भोवतीनं रंग उमटायचे.

"तिला मधलं दिसतच न्हाई, तर मंग तितं उगा कशाला रंग घालवायचा," मामा म्हणाले. एखादी साधी बाब सांगावी तसे.

माझा निबंध तिथेच संपला. मग मी माझ्या ओळखीच्या जमिनीवर आले आणि म्हटलं, पण मामा, प्रायमर? तेल कोऱ्या सुताला खातं. प्रायमर नाही तर रंग पाहुणा, हे तुमचंच वाक्य ना? तेव्हा त्यांनी प्रायमरचंही सांगितलं. प्रायमरवर तेलाचा रंग चकाकतो आणि चकाकी मामींच्या डोळ्यांना झोंबते. कोऱ्या कापडात तो मुरतो, निवतो. आणि मग खाली मान घालून कुंचा पुसत म्हणाले, "घरात दिसनंच पाव्हनं हाय, पोरी. रंग पाव्हना आसला तर काय बिघडलं." कंपनीत मी म्याडम आणि घरी पोरी, हे त्या दिवसापासून सुरू झालं.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की कडेचं आहे तेही किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही. आणि मामींना एक बघायचं होतं. त्यांच्या वरच्या मळ्यात दसऱ्याला झेंडू असायचा. लग्न होऊन आल्यापासून तो मळा त्यांच्याकडे होता. पहाटेच्या थंडीत फुलं तोडून त्या टोपल्या भरायच्या. त्या मळ्याच्या जागी आता निळ्या पत्र्याचं गोडाऊन उभं होतं, गच्चीवरून दिसायचं. दुसऱ्या कोणाच्या मळ्यात न्या की, असं मी म्हणून पाहिलं. मामांनी नेलं होतं. वाऱ्याने सगळं हलतं, उन्हाने डोळ्यांना पाणी येतं, आणि मामींनी तिथल्या तिथे सांगितलं होतं की हा आपला न्हाई. त्यांना थांबलेला मळा हवा होता, आपला हवा होता, आणि नजर आहे तोवर हवा होता. मामांनी तेवढं एक मनावर घेतलं. बाकी त्यांना चित्रकार वगैरे व्हायचं नव्हतं.

पहिला झेंडू मामींनी नापास केला. मामा आयुष्यभर दुसऱ्यांचा माल परत पाठवत आले आणि घरात त्यांच्या डोक्यावर एक इन्स्पेक्टर बसलेली. नारिंगी लई झालं, त्या म्हणाल्या, झेंडू असा पेटत न्हाई, खाली हिरवं असतंय म्हणून तो झेंडू. मामांनी कापड गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या कापडात हिरवं आधी मुरवलं, ते वाळल्यावर वरून पिवळं नि नारिंगी शिंपडलं. त्यावर मामींचं म्हणणं असं की डावीकडे पाण्याचा पाट होता, तो कुठाय? मामांनी मान डोलावली आणि तेही गुंडाळलं. मी एकदा हळूच म्हटलं, पाट काढून टाकायचा ना मामा, याच कापडावर. ते म्हणाले, रडलेला पत्रा पुसून पास करत न्हाईत.

मधल्या काळात मी आणखी एक शहाणपणा केला. फोनवर काढलेले दोन-तीन फोटो कौतुकाने कंपनीत दाखवले. वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता, एचआरला कामगारांच्या कलागुणांचं काहीतरी हवंच होतं. एचआरचे साहेब निघोज्याला आले, गच्चीवर गेले, फार खूश झाले. हे रिसेप्शनमध्ये लावू म्हणाले. फक्त मधली जागा रिकामी दिसते, तिथे कंपनीचं बोधचिन्ह घेतलं तर चित्र पूर्ण होईल. मी डोळे मिटून घेतले. मामा त्यांना चहा देत म्हणाले, "मधी काय बी घातलं तरी तिला दिसनार न्हाई साहेब. पर मला दिसंल ना." साहेबांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी चहा घेतला आणि नंतर बोलू म्हणाले. ते नंतर कधी आलं नाही, आणि रिसेप्शनमध्ये धबधब्याचा एक छापील फोटो लागला.

त्याहून मोठी चूक माझी पुढे झाली. ती सांगितल्याशिवाय मामांबद्दल लिहिण्याचा मला हक्क नाही. कोऱ्या कापडाची सल माझ्या मनातून जाईना. आमच्या धंद्यातल्या माणसाला प्रायमरशिवाय रंग बघवत नाही. मीठ-पाण्यात पत्रे तासन्‌तास ठेवून किती टिकतात ते मोजणं हे माझं काम. हा झेंडू टिकला पाहिजे, असं मी परस्पर ठरवून टाकलं. मी पुण्यातल्या दुकानातून चांगला सहा फुटी, लाकडी चौकटीवर ताणलेला, पांढराशुभ्र प्रायमर दिलेला कॅनव्हास घेतला आणि टेंपोत घालून निघोज्याला नेला. मामांना म्हटलं, तुमचं कापड पंधरा वर्षांत बिस्किटासारखं मोडेल, हा कॅनव्हास नातवंडं बघतील. मामा पंधरा वर्षांच्या आकड्याला नुसते हसले. पण मी एवढं आणलंय म्हणून त्यांनी माझा मान ठेवला. तीन गुरुवार त्यांनी त्या कॅनव्हासवर घालवले.

मुरेल म्हणून घातलेला रंग वरच राहिला आणि आमच्या बॉनेटसारखा लकाकू लागला. चौथ्या गुरुवारी मामी खुर्चीवर बसल्या, समोर बघितलं, आणि तोंड फिरवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. परत बघितलं, परत फिरवलं. "झळ लागती गं," त्या मला म्हणाल्या, "नुसतं पांढरं दिसतंय मला." मी काहीतरी सारवासारव केली. उजेड बदलून बघू, कॅनव्हास थोडा तिरका करू. मामांनी तो उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला. आणि त्याच आठवड्यात मामींच्या डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. त्या डोळ्याचं कडेचंही गेलं.

माझ्या कॅनव्हासमुळे डोळा गेला नाही, हे मला कळत होतं. पण गेले ते तीन गुरुवार तो डोळा होता, आणि ते मी खाल्ले होते. मी माफी मागायला गेले. मामांनी मला बसवलं, पाणी दिलं. "तुमचं चुकलं न्हाई म्याडम," ते म्हणाले. "कंपनीत असंच करायचं असतंय." घरी मला पोरी म्हणणारे मामा त्या दिवशी म्याडम म्हणाले. परतीच्या वाटेवर तळवड्याच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या, आणि मी रिक्षात बसून कोणी बघतंय की नाही याचा विचार न करता रडले.

तिसरा झेंडू मामांनी दसऱ्याच्या आधी धरला. रजा टाकली, माझ्या आठवणीतली त्यांची पहिली मोठी रजा. मांजरपाटाचे पट्टे शिवून चौदा फुटांचं कापड केलं, कारण आता एकाच डोळ्याला पुरायचं होतं. मी त्या रजेतल्या एका गुरुवारी गेले, पण या वेळी तोंड बंद ठेवून फक्त डबे धुतले. ते हिरवं कापडाच्या मागच्या बाजूनेही मुरवत होते. पाटासाठी त्यांनी निळा घेतला नाही, मातकट करडा घेतला, कारण पाटाच्या पाण्याला निळा कुठून येणार. पिवळं बाराला, नारिंगी विसाला, असं मोजणं चाललं होतं. खालच्या खोल्यांतली मुलं शिफ्टला जाता जाता वर डोकावून जात आणि मामांचं मोजणं चालू असेल तर न बोलता परत फिरत.

कापड वाळल्यावर आम्ही ते शेडच्या पाइपावर टांगलं. मामांनी मामींचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं, हनुवटीला बोट लावून तोंड सरळ केलं आणि बाजूला झाले. मामी बघत राहिल्या. खूप वेळ गेला. मी मामांकडे पाहिलं नाही, मला धीर झाला नाही. मग मामींचा उजवा हात मांडीवरून थोडा उचलला गेला.

"त्यो पाट," त्या म्हणाल्या. "अन् त्यो वरचा वाफा, तितं उशिरा फुलायचं." आणि थोड्या वेळाने, अगदी रोजच्या आवाजात, "तोडाय कवा जायचं?"

मामा कुंचे घेऊन नळाशी गेले आणि बराच वेळ धूत राहिले. तेलाच्या रंगाचे कुंचे पाण्याने स्वच्छ होत नाहीत, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

पुढच्या वर्षी मी नोकरी बदलली. मग लग्न, मग रावेतचं घर. निघोजे तिथून काही लांब नाही, एवढं जवळचं अंतर मला कापवलं नाही याचं आता वाईट वाटतं. कामावर मी हल्ली पडद्यावरचे आलेख बघते, पत्रा हातात येत नाही. ज्या पिढीने मला सहन करून शिकवलं तिची आठवण मला अशीच भलत्या वेळी येते. लिफ्टच्या दारात, गाडीच्या दुकानात, कुठल्याही चकचकीत पृष्ठभागावर ट्यूबलाइटची रेघ थरथरली की मामा हवे होते असं वाटतं, आणि मी कडेला सरकून तिरक्या मानेने बघत राहते. लोक मला विचित्र समजतात. समजोत.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी एका गुरुवारी मात्र मी गेले. फोन करून गेले नव्हते. खाली त्यांचा मुलगा संदीप गाडी धूत होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, वर जाण्याआधी सांगतो, आईचा दुसरा डोळाही गेला. सहा महिने झाले. उजेड-अंधारसुद्धा कळत नाही तिला. मामांना माहीत आहे का, असं मी मूर्खासारखं विचारलं. तो म्हणाला, डॉक्टरांनी दोघांना समोर बसवूनच सांगितलं.

मी जिना चढले आणि शेवटच्या पायरीवर थांबले. शेडमध्ये मामी खुर्चीवर बसल्या होत्या, नीट नेसलेल्या, तोंड सरळ समोर. पाइपावर नवं कापड टांगलेलं. मामा वाळले होते, खांदे खाली आले होते, हातात चार इंची कुंचा होता. चित्राची उजवी बाजू वरपासून खालपर्यंत हिरवी होती, इतकी हिरवी की बोटभरही कोरं कापड दिसत नव्हतं.

"उजव्या अंगाला हिरवं कमी पडलंय," मामी म्हणाल्या.

मामा दोन पावलं मागे आले. मान तिरकी करून त्यांनी उजवी बाजू पाहिली, आधी वरून, मग वाकून खालून. मग हिरवा पातळ केला, कपात भरला आणि मोठ्याने मोजला. कुंचा बुडवून त्यांनी त्या हिरव्यावर हिरवं लावायला सुरुवात केली. घाई नाही, दाखवायचं म्हणून नाही. खरंच राहून गेलेली जागा भरावी तसं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सगळं. मी हाक मारली नाही. मारायला हवी होती असं नंतर पुष्कळदा वाटलं, कारण मामांना मी शेवटचं पाहिलं ते तेवढंच.

"आता?" त्यांनी विचारलं.

मामींनी वेळ घेतला. दिसत होतं तेव्हा जेवढा घ्यायच्या तेवढाच.

"आता बरुबर हाय," त्या म्हणाल्या. "जरा डावीकडलं बगा."

"बगतो," मामा म्हणाले, आणि डबा उचलून डावीकडे गेले.